तापानंतरचा कागजीपुरा

दिवाळीपासून कागजीपुऱ्याहून कागदाची गड्डी आली नाही. एरवी महिन्याच्या पहिल्या आठवड्यात कुणा ना कुणा गाडीवानाबरोबर तिथल्या करीमचाचाचा कागद जालन्याला माझ्या दुकानी पोचायचा. पंधरा वर्षांत एकदाही चुकला नव्हता. मार्गशीर्ष गेला, पौष गेला, माघ गेला. मी दोन कार्डं टाकली, उत्तर नाही. बाजारातला गिरणीचा कागद लढाईपायी सोन्याच्या भावाला गेलेला, आणि जुन्या पोथीला तो लावणं म्हणजे पैठणीला गोणपाटाचं ठिगळ. शेवटी फाल्गुनात ठरवलं, आपणच जाऊन बघायचं.

ज्यांना मी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मी जिल्दसाज. पुस्तकं बांधतो, फाटक्या पोथ्या नीट करतो. हे काम मला कुणीही शिकवलेलं नाही, उघडून बघून आणि उलगडून शिकलो. वेरूळच्या प्रवासाचं माझं टिपण वाचून पुष्कळांनी टांग्याचे दर विचारले होते, म्हणून या वेळी दर आणि वेळा जागच्या जागी लिहून घेतल्या. पैसे सगळे हाली शिक्क्यातले, म्हणजे निजामी, समजावेत.

घरातून निघताना बायको म्हणाली, "साथीचा ताप गेला गेला म्हणता, पण आला होता तो रेल्वेनंच ना?"

"तेव्हा पलटणीतली माणसं परत येत होती. आता नाही."

"मग कापूर तरी ठेवा खिशात. आणि कुणाच्या घरचं पाणी पिऊ नका."

तिचं बरोबर होतं. त्या तापात आमच्या घरातून माझा धाकटा भाऊ गेला. त्याविषयी इथं लिहीत नाही. पण जालन्यात जे झालं ते जालन्यातच झालं असावं, अशी माझी कुठंतरी समजूत होती. माणसाला आपल्या गल्लीपुढचं दिसत नाही, हे मला वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी कळलं.

सकाळची गाडी पंचवीस मिनिटं उशिरा सुटली. तिसऱ्या वर्गाच्या डब्यात मी पाय पसरून बसलो, एवढी जागा. बदनापूर मागं पडलं आणि खिडकीतून पांढरं दिसायला लागलं. आधी वाटलं, खारवट जमीन असेल. चष्मा पुसून पाहिलं तर कापूस होता! फाल्गुनात कापूस झाडावर! पाऊस कमी, त्यामुळं पीक आधीच बेताचं. त्यातलं जे आलं तेही तसंच बोंडांतून लोंबत होतं, वाऱ्यानं बांधावर, बाभळींवर अडकलं होतं. समोरच्या बाकावरच्या म्हातारीला मी विचारलं, "हा कापूस वेचला का नाही कुणी?"

तिनं माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी गावाबाहेरून नाही, जगाबाहेरून आलोय.

"कुणी वेचायचा, बाबा?" एवढंच म्हणाली.

औरंगाबाद स्टेशनावर एरवी हमाल तुमच्या हातातली ट्रंक ओढतात. त्या दिवशी एक शेठजी ट्रंकेशेजारी उभे राहून "हमाल! हमाल!" ओरडत होते आणि खांबाला टेकलेला एकुलता एक हमाल शांतपणे तंबाखू मळत होता.

"दुप्पट पडंल, शेठ."

"दुप्पट? अरे, लाज नाही वाटत?"

"लाजंला बी ताप आला हुता, शेठ. गेली ती."

शेठजींनी दुप्पट दिले. मी माझी पिशवी माझी मीच उचलली.

टांगा मिळाला, पण शहरात जायला सहा आणे. गेल्या वर्षी तीन होते. टांगेवाला हुसेन सांगत होता की तो मूळचा वीटभट्टीवरचा. टांगा आणि घोडा त्याच्या चुलतभावाचा. चुलतभाऊ गेला, म्हणून आता लगाम याच्या हातात. गुलमंडीच्या अलीकडं घोडा एका दारासमोर आपणहून थांबला. मला वाटलं, सवारी घ्यायची असेल. कुणी आलं नाही. हुसेननं लगाम हलवला नाही. जरा वेळानं घोडाच पुढं निघाला. पुढच्या गल्लीत पुन्हा एका दारापाशी थांबला.

"हे काय चाललंय?" मी घड्याळ काढून म्हटलं.

"पयलं वकीलसाहेबांचं घर. हे हकीमसाहेबांचं. रोज या टायमाला माझा भाऊ न्यायचा त्यांना."

"मग सांग ना त्याला."

"काय सांगू, मास्तर? कोणत्या जबानीत सांगू?" हुसेन म्हणाला. "मारत नाय मी त्याला. भाऊ जितका वेळ थांबायचा तितका थांबतो, मंग निघतो आपला."

असा तो चार दारांशी थांबला. चारही दारांना कुलूप होतं.

हिमरू शाली विणणाऱ्यांच्या गल्लीत मी मुद्दाम पायी गेलो. तिथल्या मागांची खटखट मला दुरून ओळखू येते. गल्लीच्या तोंडाशी बोलायचं तर ओरडावं लागतं. त्या दिवशी मी माझ्याच चपलांचा आवाज ऐकत शेवटच्या घरापर्यंत गेलो. दोन माग चालू होते. एका घराच्या ओट्यावर एक बाई अर्धवट विणलेली शाल उलगडून गिऱ्हाइकाला दाखवत होती, आणि गिऱ्हाईक विचारत होतं, "बाकीची कधी मिळेल?" ती म्हणाली, "येवढीच हाय. येवढीच घ्या." मुक्कामाला जागा हवी तर स्टेशनाजवळच्या मुसाफिरखान्यात आता हवी ती खोली मिळते, हे नोंदवताना बरं वाटत नाही. खानावळीत भाकरी आणि झुणका चार आणे. भाकरीत ज्वारी थोडी आणि बाकी काय होतं ते मालकानं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता हुसेनच्याच टांग्यानं निघालो. कागजीपुरा जाऊन-येऊन अडीच रुपये ठरले. दौलताबाद स्टेशनला उतरून जाण्याचा विचार कुणी करत असेल तर करू नये. तिथं सध्या टांगा मिळत नाही, आणि मिळाला तरी घाट चढेल असा घोडा नाही.

छावणी ओलांडून पडेगावजवळ आलो तर रस्त्यात एक गृहस्थ हात आडवे करून उभे. डोक्याला रेशमी रुमाल, पायात चढाव. जमीनदार असावेत. रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाला गव्हाच्या सोंगणीला या म्हणून विनवत होते. माझा कोट, चष्मा, टोपी बघूनही त्यांनी मला विचारलं, "आपण येता का? दुपारचं जेवण देतो!" आणि मग माझ्याच चेहऱ्याकडं बघून ओशाळले. बांधावर सात-आठ मजूर बाया निवांत बसल्या होत्या. त्यांच्यातली एक मोठ्यानं म्हणाली, "गेल्या साली आमाला उन्हात उभं केलं हुतं, मालक, पायलीभर दाण्यासाठी. आता तुमी जरा उभे ऱ्हावा. आमी इचार करून सांगतो."

बाकीच्या हसल्या. मालकही हसले, पण हात जोडलेलेच होते. माझ्या जन्मात मी असं पाहिलं नव्हतं. बाया हसत होत्या खऱ्या, पण त्यांतल्या निम्म्या कपाळांवर कुंकू नव्हतं.

दौलताबादचा किल्ला मागं टाकून घाट चढलो आणि साडेनऊला कागजीपुऱ्यात शिरलो.

ज्यांनी हे गाव पाहिलं नाही त्यांना सांगायला हवं. इथला कागद भिंतीवर वाळतो. जुनी पोती, सुतळी, चिंध्या चुन्यात कुजवून कुटायच्या, त्यांचा लगदा हौदातल्या पाण्यात कालवायचा, बारीक काड्यांच्या चौकटीवर ताव उचलायचा आणि ओला ताव घोटीव चुन्याच्या भिंतीवर कुंच्यानं चिकटवायचा. उन्हात तो तीन तासांत सुटतो, हे मी घड्याळ लावून पाहिलेलं आहे. म्हणून गावातली प्रत्येक भिंत सकाळी ओली आणि दुपारी उघडी असते.

मी टांग्यातून उतरलो आणि उभाच राहिलो. भिंतींवर कागद होते. दोन्ही बाजूंच्या घरांवर, रांगेनं, ओळीत, जसे चिकटवले तसे. पण पांढरे नव्हते. उन्हानं तांबूस झालेले, कडा सुटून वळलेल्या, आणि सगळ्या गल्लीभर नुसती फडफड. एका तावाला हात लावला तर पापुद्र्यासारखा चुरा झाला. हे कालचे कागद नव्हते. दिवाळीचे होते. ज्यांनी सकाळी चिकटवले त्यांना ते दुपारी काढता आले नव्हते.

"त्याला हात नका लावू, मास्तर."

करीमचाचाची मुलगी जैबू होती. वीस वर्षांची, कुंचा हातात, आपल्या घराच्या भिंतीशी उभी. तिच्या भिंतीवर अठरा ताव ताजे होते.

"हे काढत का नाही कुणी?" मी विचारलं.

"आमच्यात दुसऱ्याच्या भिंतीचा कागद काढत नाय. ज्याचा त्यानंच काढायचा." मग म्हणाली, "ज्याचा त्यो नाय, मंग ऱ्हातो."

आत चाचा हौदाच्या काठाशी बसले होते. मी त्यांना सहा महिन्यांपूर्वी पाहिलं होतं. तेव्हा त्यांची दाढी काळी-पांढरी होती. "कार्डं आली तुमची," ते म्हणाले. "वाचणारा गेला." बायको, दोन्ही मुलगे, सगळे एका आठवड्यात गेले होते. घरात आता तिघं उरली होती: चाचा, जैबू आणि थोरल्या मुलाची विधवा शरीफा. अंगणात एक बैलगाडी जुंपलेली उभी होती, तिच्यात एक पेटी आणि बिछान्याची वळकटी. शरीफाची इद्दत, म्हणजे नवऱ्यामागं पाळायचे चार महिने दहा दिवस, आदल्याच दिवशी पुरी झाली होती. तिचा भाऊ इसाक कन्नडहून तिला न्यायला आला होता.

इसाक भला माणूस होता. मला म्हणाला, "माझी बायको गेली, मास्तर. आई म्हातारी. दोन लहान लेकरं. शेतात एक हात नाय. मी बहिणीला घेऊन जातो, यात माझा काय गुन्हा?"

काहीच नव्हता. शरीफा पडद्याआडून म्हणाली, "मी इथं कुणाच्या नावानं ऱ्हाऊ? घरात माझं माणूसच नाय."

मी चाचांना विचारलं, "मग कागद?"

चाचांनी हौदाकडं हात केला. "ताव मी उचलतो. जैबू बी उचलती आता. ते हुईल."

"आणि खळ?" मी विचारलं.

त्यांनी अंगणातल्या जुंपलेल्या गाडीकडं पाहिलं.

हे वाचकांनी नीट समजून घ्यावं. भिंतीवरून सुटलेला ताव टीपकागदासारखा असतो, शाई पिऊन टाकतो. त्याला खळ लावून, वाळवून, दगडानं घोटला की मग त्यावर लिहिता येतं. कागजीपुऱ्यात प्रत्येक घराची खळ निराळी, आणि करीमचाचाच्या घरच्या खळीसारखी दुसरी मी पाहिली नाही. या कागदावर बारीकातला बारीक बोरू फिरवा, अक्षराची कड केसासारखी राहते. ही खळ घरातल्या बायका शिजवतात. सासू सुनेला शिकवते. लेकीला नाही, कारण लेक उद्या दुसऱ्या घरी जाणार आणि खळ तिच्याबरोबर जाणार. खळ चुलीवर चढली की लेकीनं बाहेर जायचं. पंधरा वर्षं मी या घरी येत होतो आणि दर वेळी जैबू मला गल्लीत हिंडताना दिसायची. मी तिच्या आईला एकदा म्हणालोसुद्धा होतो, की पोरगी कामचुकार दिसते. तिची आई नुसती हसली होती.

"चाचा," मी म्हटलं, "सून तर खळ घेऊन आत्ता निघाली. मग लेकीला सांगण्यात काय गेलं?"

"माझ्या आईनं माझ्या बायकोला दिली. बायकोनं हिला दिली. लेकीला देणारा मी पयला हुऊ? दोन पोरं मातीत घातली, आता ह्ये बी माझ्याच हातनं घालू?"

"नाही दिली तर तशीही मातीतच जाते."

चाचा चिडले. "तुमी सांगत असता ना, मास्तर, मला कुणी शिकवलं नाय, मी आपला आपण शिकलो? दर खेपेला सांगता. मंग जैबू बी शिकंल, आपली आपण."

इसाक हसला. बाहेर हुसेनही हसला. ही गोष्ट मी खरोखर दर खेपेला सांगतो. या लेखातही सांगितली आहे. जी गोष्ट सांगत नाही ती मला त्या अंगणात सांगावी लागली.

"एकोणीस वर्षं लागली, चाचा," मी म्हटलं. "एकोणीस वर्षांत किती पोथ्या नासवल्या त्या मोजल्या नाहीत मी. लोकांच्या घरच्या, पिढीजात. एक तर अशी की तिची दुसरी प्रत कुठं नसेल. सरस जास्त घट्ट झाला आणि पानं एकमेकांना चिकटली ती चिकटलीच. कुणी शेजारी बसून एकदा सांगितलं असतं, तर ती पोथी आज असती. जैबूकडं एकोणीस वर्षं असतील. तुमच्याकडं आहेत?"

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही.

चाचांनी हौदाच्या काठावरची चौकट बाजूला सारली. मग सुनेला म्हणाले, "बहू, जाण्याआधी एक खळ शिजवून जा. मास्तरांच्या गड्डीपुरती." आणि रोजच्यासारखंच, मान न वळवता, "जैबू, बाहर."

जैबू उठली. एवढं सगळं होऊनही म्हातारा "बाहेर" म्हणाला! ती कुंचा घेऊन गल्लीत गेली आणि स्वयंपाकघराच्या बाहेरच्या भिंतीशी उभी राहिली. मी अंगणाच्या दारात होतो, मला दोन्हीकडचं दिसत होतं.

आत चूल पेटली. भांडं चढलं. आणि शरीफा, जिचा आवाज आजवर मी पडद्याबाहेर पुरता ऐकला नव्हता, ती चुलीवर खेकसली.

"अगं ए चुले! येवढी का भडकती? नवी नवरी हाय का तू? मंद! मंद ऱ्हा!"

इसाक चमकून बघायला लागला.

"आन तू रे भांड्या! मोठे बुडबुडे दावून कुणाला फसवतो? मोठ्याला मी भीक घालत नाय! बारीक आले की मंगच तुला उतरवीन, समजलं? बारीक! मोहरीयेवढे!"

ती भांड्याला बोलली, पळीला बोलली, पाण्याला शिव्या दिल्या, काय आधी आणि काय नंतर, किती चिमटी आणि कशाची, सगळं त्या बिचाऱ्या भांड्याला झापत झापत, गल्लीच्या टोकापर्यंत जाईल अशा आवाजात. भिंतीबाहेर जैबूचा कुंचा थांबला होता. तिचे डोळे मिटलेले होते आणि ओठ हलत होते.

"चाचा, ही अशी कधी बोलत नाय," इसाक घाबरून म्हणाला. "डोक्यावर तर परिणाम नाय ना झाला?"

"बोलू दे," चाचा म्हणाले. "चार महिने गप हुती."

मला उमजायला माझी नेहमीची सवय कामी आली: हात आपोआप खिशातल्या पेन्सिलीकडं गेला होता. चाचांनी ते पाहिलं.

"मास्तर, ती ठेवा. ह्ये तुमच्यासाठी नाय."

मी पेन्सिल खिशात ठेवली. वर जे दिलं आहे त्यापलीकडं शरीफा काय बोलली ते कुणी मला विचारू नये.

तासाभरानं ती बाहेर आली, डोक्यावरून पदर घेऊन, पुन्हा एक शब्द न बोलता. जैबूच्या गळ्यात पडली. तेव्हा जैबू हुंदक्यांमधून तिच्या कानाशी काहीतरी पुटपुटत होती. मला वाटलं निरोपाचं असेल. पण शरीफा मधेच मान हलवून "नक्को, त्याच्या आधी" म्हणाली आणि जैबूनं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. गाडी हलेपर्यंत दोघींचं ते चालू होतं. चाचा त्या वेळी हौदात हात घालून बसले होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

परतीच्या वाटेवर पडेगावला गव्हाची सोंगणी चालू झालेली दिसली. मजुरी काय ठरली ते कळलं नाही. गाडीनं संध्याकाळी जालन्याला पोचलो. सगळा खर्च टांगा, रेल्वे, जेवण धरून सात रुपयांच्या आत आला. जाणाऱ्यानं ज्वारीची भाकरी घरून बांधून न्यावी.

घरी आल्यावर बायकोनं विचारलं, "काय पाहिलंत?" मी कापसाचं सांगितलं, घोड्याचं सांगितलं. भिंतींचं सांगायची वेळ आली तशी मी खर्चाचा हिशेब लिहायला बसलो. चार दिवस मी दुकानात बसायचो आणि वाऱ्यानं एखादं पान फडफडलं की दचकायचो. गिऱ्हाइकं येतात, कुणी मजुरीच्या भावाला शिव्या घालतं, कुणी म्हणतं आता सगळं पूर्ववत होईल. मी मान हलवतो. पूर्ववत करायचं ते कुणी, असं विचारावंसं वाटतं.

शरीफाच्या हातच्या खळीची गड्डी चाचांनी मागाहून आठवड्याभरात पाठवली. ती संपली. चैत्र संपता संपता एक गाडीवान दुसरी गड्डी टाकून गेला. जैबूची. मी पहिला ताव काढला, दौत उघडली आणि बोरूनं एक रेघ ओढली.

शाई पसरली. मुंगीचे पाय फुटावेत तशी दोन्ही कडांनी. दुसरा ताव घेतला, तिसरा घेतला, तेच. माझ्या दुकानाचा नियम सगळ्या कागजीपुऱ्याला माहीत आहे: सदोष गड्डी त्याच गाडीनं परत. पंधरा वर्षांत मी तीनदा परत पाठवली आहे, आणि एकदा तर फक्त एका कोपऱ्यापायी.

गाडीवान पाणी पीत उभा होता. "काय सांगू म्हाताऱ्याला?" त्यानं विचारलं.

"सांग, कागद पोचला," मी म्हटलं. "चांगला आहे. पुढची लवकर पाठवा."

ती गड्डी मी पुठ्ठ्यांच्या आतून चिकटवायला वापरली, जिथं कुणी लिहीत नाही. ज्येष्ठात पुढची आली. रेघ ओढली. पसरली, पण एकाच कडेला.

तिसरीची वाट बघतोय.